फोनमधली पाहुणी

डोंगरातल्या आमच्या ब्रेगमाल गावात दारावर थाप पडली की आधी दार उघडतात आणि मग नाव विचारतात. दार उघडायचं, बाजूला सरायचं आणि म्हणायचं, "दमलात का?" आलेला माणूस अख्खा डोंगर चढून आलेला असो, त्याच्या बुटात बर्फ वितळत असो, तो म्हणतो, "नाही, तुम्ही बरे राहा." मग त्याला चुलीच्या वरच्या अंगाला, मानाच्या जागी, बसवतात आणि कॉफी ठेवतात. कॉफी पिऊन झाल्यावरच घरधनी विचारतो, "बोला, कशासाठी येणं केलंत?" तोवर कुणी कामाचं बोलत नाही. दमलो असं तर कुणी म्हणतच नाही. मी या गावात केस पांढरे केले, पण ते उत्तर ऐकल्याचं मला आठवत नाही.

म्रिका ही माझ्या शेजारच्या घरातली सून, आणि गावच्या दवाखान्याची नर्स. दवाखाना म्हणजे एक खोली, एक खाट, एक शेगडी आणि काचेचं कपाट. डॉक्टर रस्ता मोकळा असेल तेव्हा खालच्या शहरातून येतो, आणि रस्ता मोकळा आहे की नाही हे तोच ठरवतो. म्हणून ब्रेगमाल आणि वरच्या वाड्या असा सगळा मुलूख म्रिकाच्या पायांवर होता. ती धनगराची लेक. शकोदर शहरात नर्सिंग शिकली, लग्न करून इथं आली. तिच्या हातची सुई कळत नाही अशी ख्याती होती. मुलं सुद्धा तिला बघून पळत नसत. दवाखाना बंद झाला की लोक घरी येत. घरी नसली तर मळ्यात येत. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ती लोकांचा रक्तदाब बघायची, कारण सगळे तिथं आयते सापडत.

साथीची वर्षं तिनं काढली. त्या वर्षांबद्दल आम्ही फारसं बोलत नाही.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात लिझा अडली. लिझा ही वरच्या वाडीतली तरुण बाई, पहिलटकरीण. रस्ता बर्फानं बंद होता. पुरुषांनी तिला लाकडाच्या घसरगाडीवर बांधून खाली आणलं. जुन्या गिरणीच्या वळणावर मूल झालं. ते रडलं नाही. म्रिकानं त्याला अंगरख्यात घेतलं आणि खालच्या दरीपर्यंत त्याच्या तोंडात श्वास फुंकत चालत राहिली. दरीत रुग्णवाहिका उभी होती. लिझा वाचली. मूल गेलं होतं. बहुधा गिरणीपाशीच गेलं होतं, पण ते म्रिकाला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या घरी सुतकाची कॉफी झाली. सगळे म्रिकाला म्हणाले, "तू होतीस म्हणून लिझा वाचली." ते खरंच होतं. म्रिकानं कॉफी प्यायली आणि ती पुढच्या घरी इन्सुलिन द्यायला गेली.

त्यानंतर तिला दवाखान्याचं दार उघडेना. सकाळी किल्ली कुलपापाशी न्यायची आणि तशीच उभी राहायची. बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांना वाटायचं, कुलूप धरलंय. आमचा लुका म्हणून एक लोहार आहे. तो एकदा तेलाची बाटली घेऊन आला आणि कुलपात ओतून गेला. म्हणाला, "गंजलंय ते. मला आधी का नाही सांगितलंस, पोरी?" म्रिका म्हणाली, "तुम्हाला कशाला त्रास."

मग एक गोष्ट घडली, ती तेव्हा फक्त तिला माहीत होती. ग्योन म्हातारा हृदयाचा रोगी. त्याच्यासाठी तिनं कपाटातून काचेची कुपी काढली, सिरिंज भरली, दंड पुसला, सुई कातडीला टेकवली. मग कसं कोण जाणे, तिची नजर रिकाम्या कुपीवर गेली. औषध दुसरंच होतं. ग्योनच्या अंगात गेलं असतं तर तो खाटेवरून उठला नसता. तिनं हात मागे घेतला, म्हणाली, "ही सुई बोथट आहे, दुसरी घेते." आणि योग्य कुपी शोधून भरली. तोवर ग्योननं, सुई झाली असं समजून, बाही खाली केली होती.

"झालं ना?" तो म्हणाला. "आज तर अजिबात कळलं नाही बघ."

तिचा नवरा पाश्क इटलीत ब्रेशाला गवंडीकाम करतो. तो फोनवर म्हणायचा, "इथं वृद्धांच्या घरात तुझ्यासाठी जागा बघून ठेवलीय. निघून ये." म्रिका आधी हसण्यावारी न्यायची. आता म्हणू लागली, मका घरात आला की बघू. शेजारच्या गावची नर्स अशीच गेली होती आणि तिथल्या दवाखान्यात आता कुणीतरी कडबा भरतं. आपण गेलो तर इथंही तेच होईल हे म्रिकाला दिसत होतं. राहिलो तर कुणाच्या तरी दंडात एक दिवस चुकीचं औषध जाईल, हेही दिसत होतं.

त्या वसंतात जिल्ह्याच्या कार्यालयानं सगळ्या नर्सना बैठकीला बोलावलं. साथीनंतर जिल्ह्यातल्या कितीतरी नर्स आणि डॉक्टर नोकरी सोडून गेले होते, काही नोकरीत राहूनही मोडले होते. म्हणून परदेशी संस्थेच्या मदतीनं एक सोय आली होती. फोनमध्ये एक ॲप घ्यायचं. रोज सकाळी ते विचारणार, आज कसं वाटतंय, आणि हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहरे दाखवणार. आपल्याला लागू पडेल तो दाबायचा. आठवड्यातून एकदा राजधानीतून, तिरानाहून, समुपदेशक बाई पडद्यावर येणार, तिच्याशी तासभर बोलायचं. मनातलं सांगायचं. कार्यालयाला काही कळणार नाही.

म्रिकानं ॲप घेतलं. सकाळी फोन वाजला आणि चेहरे आले की ती सगळ्यात हसरा चेहरा दाबायची. दारात आलेल्याला दुसरा कुठला चेहरा दाखवतात?

गुरुवारी दुपारची वेळ ठरली. सकाळपासून तिची सासू दावा झाडलोट करत होती. दावा ही आमच्या गावातली सगळ्यात तिखट जिभेची बाई. तिचा आवाज ऐकून माझ्या मधमाश्या सुद्धा पेटीत जातात.

"कोण येणार म्हणालीस?"

"तिरानाहून एक बाई. फोनवर येईल. तिचा चेहरा दिसेल."

"आणि तिला आपलं घर दिसेल?"

"दिसेल."

"मग पाहुणीच की. आणि सांगतेस आत्ता, भांडी घासायच्या वेळेला!"

तिनं लोकरीची चांगली घोंगडी काढली, चुलीच्या वरच्या अंगाला पसरली, साखरेच्या बरणीला टेकवून फोन ठेवला आणि त्याच्यापुढं कॉफीचा पेला, पाण्याचा ग्लास आणि अंजिराचा मुरंबा मांडला. पडद्यावर तोंड उमटलं. तिशीतली बाई, चष्मा, मागे पांढरी भिंत. नाव आर्योला. ती दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर वाढलेली. तिकडची माणसं समुद्राकडं बघून मोठ्यानं बोलतात आणि मनातलं लगेच ओठावर आणतात.

"दमलात का?" म्रिका म्हणाली. पाहुण्याला दुसरं काय म्हणणार.

आर्योला जरा चमकली. मग म्हणाली, "मी? हो, खरं सांगू का, दमलेय. सकाळपासून बोलतेय लोकांशी. मान धरलीय."

म्रिकानं दावाकडं बघितलं, दावानं म्रिकाकडं. दावानं हातातला टॉवेल खाली ठेवला.

"अगं बाई," ती म्हणाली, "काय हाल झालेत पोरीचे. पहिल्याच शब्दाला बोलून गेली! घरी कुणी आहे की नाही तुला?"

तो सगळा तास आर्योलाच्या मानेत गेला. म्रिकानं तिला उशी कशी घ्यायची ते दाखवलं, खांदा कुठून दाबायचा ते दाखवलं. दावानं मीठ तव्यावर गरम करून फडक्यात बांधायला सांगितलं. आर्योला हसत होती, आभार मानत होती, आणि मधून मधून विचारत होती, "पण म्रिका, तुमचं कसं चाललंय?"

"देवाची कृपा. सगळं बरं."

"झोप लागते?"

"लागते की."

"कामाचा ताण?"

"काम म्हटलं की असायचंच. तुम्ही मुरंबा खात नाही... हो, विसरलेच."

पडदा काळा झाल्यावर दावानं ती कॉफी पिऊन टाकली. पाहुणी पीत नाही म्हणून फेकून द्यायची काय, असं तिचं म्हणणं.

पुढच्या गुरुवारी तेच, आणि त्याच्या पुढच्याही. म्रिका खोटं बोलत होती असं कुणी म्हणू नये. आमच्याकडं पाहुण्याला घरातली जखम दाखवत नाहीत. माझ्या आजोळी एका घरी रात्रीचा पाहुणा आला तेव्हा आतल्या खोलीत घरधन्याचा भाऊ मरून पडला होता. पाहुण्याचं जेवण झालं, झोप झाली, सकाळी त्याला वेशीपर्यंत पोचवलं, आणि मग बायकांनी रडायला सुरुवात केली. आम्ही ही गोष्ट अभिमानानं सांगतो. ती बरोबर आहे की नाही, हे ठरवायला आम्हाला कुणी बोलावलेलं नाही.

मधल्या दिवसांत म्रिका कुलपापुढं उभी राहतच होती. कपाटातली प्रत्येक कुपी आता ती उजेडाकडं धरून पुन्हा पुन्हा वाचायची, एवढी की बाकावरची माणसं कुरकुरायची. सांगायचं ठरवूनच ती दर गुरुवारी फोनपुढं बसायची. पण समोर घोंगडी, त्यावर कॉफी, आणि पाहुणी हसतमुख. जीभ वळायची नाही. मका कंबरेएवढा झाला होता.

चौथ्या गुरुवारी आर्योला म्हणाली, "म्रिका, तुम्ही खंबीर आहात. रोज हसरा चेहरा, झोप चांगली, घर चांगलं. माझ्याकडं रांग लागलीय हो, काही जण फार वाईट अवस्थेत आहेत. तुमची हरकत नसेल तर तुमचा तास मी त्यांना देते."

म्रिका म्हणाली, "द्या की. पाहुण्याला कोण अडवतं."

तिनं हे सरळ आवाजात म्हटलं. पण दावा चुलीपाशी होती आणि तिला सुनेचे हात दिसत होते. ते डोक्यावरच्या रुमालाचं टोक पिळत होते. दावा पडद्यापुढं येऊन बसली, एवढी जवळ की आर्योलाला तिचं नाकच दिसलं असणार.

"निघालीस?"

"हो आई, येते."

"चार वेळा आलीस. कॉफी ठेवली, मुरंबा ठेवला. माझ्या सुनेला एकदा तरी म्हणालीस का, तू ये माझ्याकडं?"

आर्योला हसली. "अहो आई, मी तिरानात..."

"तिरानात खुर्च्या नाहीत? आमच्याकडं जो चारदा येतो नि एकदा बोलावत नाही, त्याला काय म्हणतात ते पाहुणीला सांगता येत नाही. आणि बोलवायचं तर नीट बोलाव. कॉफी ठेव. ती पिऊ दे. मग विचार, कशासाठी आलीस म्हणून. न विचारता कोण सांगतं? तुमच्या किनाऱ्यावर सांगत असतील!"

पडदा काळा झाला. म्रिका लाजेनं लाल झाली होती. "आई, काय बोललात हे!"

"खरं ते बोलले," दावा म्हणाली आणि कॉफी पिऊन टाकली.

दावानं हे जाणून केलं की तिला खरोखर राग आला होता, यावर गावात दोन मतं आहेत. मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "चारदा आली नि बोलावलं नाही, यात समजायचं काय राहिलंय तुला?"

दोन दिवसांनी फोनवर आर्योलाचा निरोप आला. गुरुवारी, नेहमीच्याच वेळी, तू माझ्या घरी ये.

म्रिकानं केस धुतले. सणाचा रुमाल बांधला. घरात कुणी बूट घालत नाही, पण तिनं बाहेरचे बूट घातले, कारण ती बाहेर निघाली होती. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून फडक्यात अक्रोड बांधून घेतले. दावानं या वेळी घोंगडी पसरली नाही, कॉफीही ठेवली नाही. तिनं शेळ्या सोडल्या. जाताना म्हणाली, "दुसऱ्याच्या घरी निघालीस, तिथं माझं काय काम." आणि दार ओढून घेतलं. दुपारच्या वेळी ते दार ओढलेलं मी प्रथमच पाहिलं. मला वाटलं, कुणी गेलं की काय.

पुढचं म्रिकानंच मला सांगितलं, आणि लिहायला हरकत नाही म्हणाली.

पडद्यावर या वेळी पांढरी भिंत नव्हती. स्वयंपाकघर होतं, मेणकापडाचं टेबल, मागच्या गच्चीत वाळत घातलेली चादर. आर्योलानं कॉफीचा पेला आणून फोनपुढं ठेवला, त्यातली वाफ दिसत होती. म्रिकानं अक्रोडाचं फडकं सोडून दाखवलं. आर्योला म्हणाली, "कशाला आणलेस?" जसं म्हणायचं असतं तसंच.

"दमलीस का?"

"नाही. तू बरी राहा."

आर्योलानं स्वतःची कॉफी संपेपर्यंत काही विचारलं नाही. पेला बाजूला सरकवला. मग म्हणाली, "बोल म्रिका. कशासाठी येणं केलंस?"

म्रिकानं सांगायला सुरुवात किल्लीपासून केली. कुलूप गंजलेलं नाही, हे आधी. मग गिरणीचं वळण. मूल किती हलकं होतं, अंगरख्याच्या ओल्या बाहीपेक्षा हलकं. त्याच्या तोंडात फुंकत असताना आपल्याला कळलं होतं, तरी आपण थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर मागून येणाऱ्या लिझानं विचारलं असतं. मग ग्योनचा दंड. मग ती कुपी.

"मी पुन्हा बघितलं नसतं तर?" ती म्हणाली. "तो मला म्हणाला, आज कळलं नाही. मी हसले."

आणि मग, "दमलेय गं मी. फार दमलेय."

तर ते उत्तर अखेर आमच्या गावच्या बाईनं दिलं. पण ते ब्रेगमालात दिलं असं म्हणता येणार नाही. ती तेव्हा तिरानात होती.

आर्योलानं सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, "तुला काय हवंय?"

"काही दिवस किल्ली दुसऱ्या कुणाच्या हातात हवी. आणि औषधासाठी माझ्या घरी कुणी यायला नको."

आर्योलानं चष्मा काढला. "माझं काम ऐकण्याचं आहे, म्रिका. कार्यालयाला काही सांगायचा मला अधिकार नाही. तसं वचनच आहे आमचं."

म्रिका अक्रोड पुन्हा फडक्यात भरू लागली. किनाऱ्यावरची असली तरी एवढं आर्योलाला कळलं. पाहुणा मागणं घेऊन येतो आणि मागणं फेटाळलं की तो उठतो.

"बस," ती म्हणाली. "बस गं. एक मार्ग आहे. तू परवानगी दिलीस तर मी तुमच्या डॉक्टरशी आणि कार्यालयाशी बोलू शकते. रजा मिळेल, बदली नर्स मागता येईल. पण मग नाव सांगावं लागेल. का हवी तेही सांगावं लागेल. कुणाला कळणार नाही असं मग म्हणता येणार नाही."

"कुपीचं पण?"

"ते तू स्वतः सांगायचंस."

कार्यालयात कळलं की दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला कळतं, आणि ड्रायव्हर आमच्या लुकाचा मेहुणा. म्रिकानं अक्रोडाचं फडकं पुन्हा सोडलं.

"सांग," ती म्हणाली. "आणि कुपीचं मी सांगते."

ती आधी ग्योनकडं गेली, मग डॉक्टरकडं. ग्योननं सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ आपला दंड चोळत राहिला, जणू ती सुई आता कळत होती. मग तिला म्हणाला, "जा घरी." चांगलं म्हणाला की वाईट, तिला समजलं नाही.

जिल्ह्यानं कुरकुर केली आणि मग खालच्या दरीतला अर्बेन नावाचा पोरगेला नर्स आठवड्यातून दोनदा मोटारसायकलवरून येऊ लागला. त्याच्या हातची सुई चांगलीच कळायची. गाव रुसलं. दुकानापाशी लुका म्हणाला, "आम्ही काय तिला वाईट वागवलं? कधी उपाशी पाठवलं?" कुणी म्हणालं, नाव खराब झालं गावाचं. कुणी म्हणालं, तिरानाच्या बाईला सांगितलं, आम्हाला नाही. यावर दावा म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी? रक्तदाब तेवढा विचारलात, तोही स्वतःचा."

लिझा एकदा वरच्या वाडीतून उतरून आली. फाटकाबाहेरूनच म्हणाली, "मी औषधाला आले नाही." मग अंगणात बसून दोघींनी शेंगा सोलल्या. काय बोलल्या ते माझ्यापर्यंत आलं नाही. आलं असतं तरी मी लिहिलं नसतं.

मका घरात आला. पाश्कनं विचारलं. म्रिका म्हणाली, आत्ता नाही. कधीच नाही असं ती म्हणाली नाही, आणि पाश्कनंही तसं समजून घेतलं नाही. शरद सरता सरता तिनं अर्बेनकडून किल्ली परत घेतली. काही सकाळी दार लगेच उघडतं, काही सकाळी ती अजून उभी राहते. आता बाकावरची माणसं तेल आणत नाहीत. ती दुसरीकडं बघत बसतात. अर्बेन आठवड्यातून एकदा अजून येतो, वरच्या वाड्या त्याच्याकडं. गुरुवारी दुपारी म्रिका रुमाल बांधते, बूट घालते आणि खोलीचं दार लावून घेते.

परवाच्या गुरुवारी त्याच वेळेला ग्योन म्हातारा काठी टेकत आला.

"म्रिका आहे?"

"नाही," अंगणात लोकर पिंजत बसलेली दावा म्हणाली. "पाहुणी म्हणून गेलीय."

ग्योननं बंद दाराकडं बघितलं. आतून म्रिकाचा आवाज येत होता, हळू, थांबत थांबत बोलत होती. त्यानं टोपी मागे सारली.

"कधी येईल?"

"आली की येईल. कामाचं असेल तर उद्या दवाखान्यात जा."

"कामाचं नाही," ग्योन म्हणाला. "चीज आणलंय थोडं."

"मग बस."

तो कुंपणाच्या दगडावर बसला. आतलं शब्दन्‌शब्द ऐकू येईल एवढा जवळ होता. थोड्या वेळानं तो उठला, चीज मांडीवरून उचललं, आणि अंगणाच्या पलीकडल्या टोकाला, जिथं माझ्या मधमाश्यांच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही, तिथं जाऊन बसला.